बसणं आणि जुळणं



मराठीतलं ‘बसणं’ हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. माणूस खुर्चीवर बसतो, घसा बसतो, धंदा बसतो, मनात भीती बसते. आणि गॅरेजमध्ये एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला ‘बसतो’. मिस्त्री हातातला पार्ट उलटासुलटा करून पाहतो, भोकांसमोर भोकं धरतो आणि म्हणतो, ‘बसतंय.’ तेवढं ऐकलं की गाडीच्या मालकाचा जीव भांड्यात पडतो. आज ज्या विषयावर बोलायचं आहे, तो या ‘बसतंय’च्या पुढचा आहे. एकाच नावाच्या मोटारीचा, पण वेगळ्या सालातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आपल्या गाडीला लावता येतो का? आणि लावला, तर तो चालतो का?

कविता लिहिणाऱ्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं काहींना वाटेल. माझं शिक्षण मराठी घेऊन बी.ए.पर्यंतचं. पण आजोळ मिस्त्र्यांचं. कोल्हापुरात उद्यमनगरात मामूंचं गॅरेज होतं. आता ते माझा मामेभाऊ चालवतो. शाळेच्या सुट्टीत रॉकेलनं गिअर धुवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. त्यामुळे गिअरबॉक्स या वस्तूबद्दल मला लहानपणापासून ओढ आहे आणि थोडा धाकही आहे.

विषय आताच बोलण्याजोगा का झाला, तेही सांगतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी क्वचित दिसे. एक तर ती हौशी श्रीमंताकडे असे, नाहीतर डाव्या पायानं क्लच दाबणं ज्याला शक्य नाही अशा माणसाकडे. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओ आणली. तिच्यातला गिअरबॉक्स मुळात नेहमीचाच, हातानं बदलायचा होता. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करत होतं. ही स्वस्तातली सोय लोकांना आवडली आणि बिनक्लचच्या गाड्या वाढत गेल्या. त्यांतल्या पहिल्या गाड्यांना आता दहा-बारा वर्षं झाली. काही तिसऱ्या मालकाकडे गेल्या. कधी ना कधी गिअरबॉक्स थकतोच. नव्याची किंमत ऐकली की मालक जुन्या बाजाराची वाट धरतो. मुंबईत कुर्ल्याला जातो, नाहीतर मिस्त्रीला पाठवतो. तिथे आपल्याच गाडीचा, पण दोन-चार वर्षं पुढचा किंवा मागचा गिअरबॉक्स समोर येतो आणि विकणारा म्हणतो, ‘सेम है साहब, घेऊन जावा.’

सेम म्हणजे काय, हे कळायला आधी यंत्र थोडं समजून घेऊ. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद ठेवा. चालू पंख्याच्या वाऱ्यानं बंद पंख्याची पातीही फिरू लागतात. ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर असाच असतो. फक्त वाऱ्याच्या जागी तेल आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात. मध्ये आणखी एक पात्यांचं चाक असतं, ते परतणाऱ्या तेलाला वळण देतं आणि गाडी सुटताना जोर वाढवतं. क्लचच्या पायपट्टीची गरज संपते ती इथे.

त्याच्या मागे गिअर. मधोमध सूर्य, त्याच्याभोवती फिरणारे ग्रह आणि सगळ्यांना वेढणारं कडं. ही नावं इंजिनिअर लोकांनीच दिलेली आहेत, कवीसाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही. कडं धरून ठेवलं तर एक गती मिळते, सूर्य धरून ठेवला तर दुसरी. धरण्या-सोडण्याचं काम क्लचच्या चकत्या करतात, आणि त्या आवळल्या जातात तेलाच्या दाबानं. कुठल्या चकत्या केव्हा आवळायच्या, याची वाट तेलाला दाखवते ती व्हॉल्व्ह बॉडी. ॲल्युमिनियमचा एक ठोकळा, आत वारुळासारखे बोगदे.

जुन्या काळच्या गिअरबॉक्समध्ये निर्णयही तेल आणि स्प्रिंगाच घेत. गाडीचा वेग वाढला की एका बाजूनं दाब वाढे, चालकानं पाय दाबला की दुसऱ्या बाजूनं. त्या रस्सीखेचीत गिअर पडे. पुढे हे काम कॉम्प्युटरकडे गेलं. आता तो विजेचे इशारे पाठवतो आणि सोलेनॉईड नावाच्या छोट्या विद्युत झडपा उघडतात, मिटतात. म्हणजे आताचा गिअरबॉक्स एकटा राहत नाही. तो गाडीच्या मेंदूशी सतत बोलत असतो. साल बदललं की पुष्कळदा लोखंड तेच राहतं, बोली बदलते.

याचं सर्वात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मोटार ऑटोमॅटिक असणं तिथे फार लवकर रुळलं, आणि भंगारातून गिअरबॉक्स आणून घराच्या अंगणात गाडीखाली झोपण्याची हौसही तिथे जुनी आहे. जनरल मोटर्सनं १९८२च्या मॉडेलांसाठी चार गतींचा एक गिअरबॉक्स काढला. त्याचं नाव ७००आर४. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनं सगळ्यांनाच पेट्रोलची काटकसर शिकवली होती. या गिअरबॉक्सच्या चौथ्या गतीत इंजिनानं सत्तर फेरे मारले की मागचा दांडा शंभर फेरे फिरे. रस्ता तेवढाच कापायचा, इंजिन मात्र निवांत.

आता त्याच्या सालांची गंमत पाहा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शिरणारा जो दांडा असतो, त्यावर उभ्या खाचा असतात. पहिल्या तीन मॉडेल वर्षांत त्या २७ होत्या. १९८५च्या मॉडेलपासून ३० झाल्या. म्हणजे १९८४चा कन्व्हर्टर १९८५च्या दांड्यावर जाणारच नाही. हा फरक मला प्रामाणिक वाटतो. डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. बसत नाही म्हणजे नाही, वादाला जागा नाही.

१९९०ला या गिअरबॉक्सचं नाव बदलून ४एल६० केलं. नाव नवं, आतली वस्तू बहुतेक तीच. तोवर त्याला इंजिनाकडून एक केबल येत असे. चालकानं पाय किती दाबला, ते ती तेलाला कळवायची. ही केबल लावताना थोडी जरी ढिली राहिली, तरी आतला दाब कमी पडतो, चकत्या घसरतात आणि चांगला गिअरबॉक्स थोड्याच अंतरात जळतो. मग १९९३पासून नावापुढे ‘ई’ हे अक्षर लागलं, इलेक्ट्रॉनिकचं. केबल गेली, वायरी आल्या. केबलवाल्या गाडीत ‘ई’वाला डबा टाकायचा, तर त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटरही सोबत आणायला हवा.

खरी मेख मात्र त्याच्याही पुढे आहे. वेग वाढला की कन्व्हर्टरमधले ते दोन पंखे एकमेकांना जखडून टाकतात, म्हणजे तेलात शक्ती वाया जात नाही. १९९३-९४ला ही जखडणारी झडप फक्त चालू किंवा बंद होई. १९९५ला तिच्या जोडीला आणखी एक झडप आली, ती दाब हळूहळू चढवते. उलट तिसऱ्या गतीतून दुसऱ्यात उतरताना काम करणारी झडप १९९५पर्यंत वेगवान स्पंदनांवर चालत असे. १९९६ला ती साधी चालू-बंद झाली. याच १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना दोष शोधण्याची एकच ठरावीक पद्धत, ओबीडी-टू, सक्तीची झाली, आणि गाडीचा कॉम्प्युटर लहानसहान गोष्टींचीही तक्रार नोंदवू लागला.

कल्पना करा, १९९४च्या पिकअपखाली कुणी १९९६चा गिअरबॉक्स चढवला. बोल्ट जुळतात. वायरचा गोल प्लग खट्कन बसतो. गाडी सुरू होते, पुढे जाते, मागे येते. मालक मिस्त्रीला चहा पाजतो. आणि महामार्गावर लागल्यावर, कन्व्हर्टर जखडायची वेळ आली की घोटाळा सुरू. कॉम्प्युटर १९९४च्या बोलीत हुकूम सोडतो, गिअरबॉक्सला १९९६ची बोली कळते. समोरचा दिवा लागतो आणि मालकाला वाटतं, गिअरबॉक्सच खराब निघाला. तो चांगलाच असतो. तिथली जाणती माणसं अशा वेळी पुढच्या सालाच्या डब्यात मागच्या सालाची व्हॉल्व्ह बॉडी, झडपा आणि आतली वायर घालतात. म्हणजे अंग एका सालाचं, जीभ दुसऱ्या सालाची.

वृत्तात लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. एक शब्द काढून तितक्याच मात्रांचा दुसरा घातला, तर ओळ मोजमापाला चुकत नाही. म्हणून ती ओळ झाली असं मात्र नाही.

कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, याच्या याद्या अमेरिकेत रीतसर तयार होतात. ‘हॉलंडर इंटरचेंज’ हे त्यातलं नाणावलेलं नाव, १९३४पासूनचं. पूर्वी जाडजूड पुस्तकं असत, आता ते काम कॉम्प्युटरवर चालतं. भंगारवाल्याला गाडीचं साल आणि मॉडेल सांगितलं की तो क्रमांक पाहून सांगतो, हा चालेल, हा नाही. आपल्याकडे हे ज्ञान जास्त करून माणसांच्या डोक्यात असतं. कुर्ल्याच्या गाळ्यावर बसलेला एखादा म्हातारा केसिंगवरची एक रेघ पाहून साल सांगतो. मला त्याचं फार कौतुक वाटतं. पण तो म्हातारा गावाला गेला की त्या दिवशी पुस्तक बंद.

एक प्रसंग असा आहे की, मालकावर नाही, खुद्द कारखान्यावर दुसऱ्याचा गिअरबॉक्स लावायची पाळी आली. मिशिगन राज्यात लिव्होनिया इथे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना होता. हायड्रामॅटिक हा १९४०च्या ओल्डस्‌मोबाइल गाड्यांपासून आलेला, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १२ ऑगस्ट १९५३ रोजी या कारखान्याला आग लागली. छताजवळ धातू कापण्याच्या ज्योतीची ठिणगी उडाली, गंज रोखणाऱ्या ज्वालाग्राही द्रवावर पडली, आणि सुमारे पंधरा लाख चौरस फुटांचा, एका छताखालचा कारखाना त्या एका दिवसात बेचिराख झाला. माणसंही दगावली.

आता कॅडिलॅक, ओल्डस्‌मोबाइल आणि पॉन्टियॅक या तिन्ही गाड्या अडल्या. इंजिनं तयार, सांगाडे तयार, गिअरबॉक्स नाही. तेव्हा कंपनीनं आपल्याच घरातल्या इतर भावंडांकडे हात पसरला. कॅडिलॅक आणि ओल्डस्‌मोबाइलला बुइकचा डायनाफ्लो लावला, पॉन्टियॅकला शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. एका इंजिनासाठी घडवलेला गिअरबॉक्स दुसऱ्याला लावायचा म्हणजे मधले जोड नव्यानं करणं आलं. ते कंपनीला जमलं, कारण नकाशे तिच्याकडे होते, इंजिनिअर तिचे होते, लेथ तिचं होतं. तरीही गाडीची चाल बदललीच. हायड्रामॅटिक चार गती एकामागून एक टाकत जाई, गिअर पडल्याचं कळे. डायनाफ्लो नेहमीच्या चालीत गती बदलतच नसे, सगळा भार कन्व्हर्टरवर टाकी. पॉवरग्लाइडला गतीच दोन. त्या काही महिन्यांत विकल्या गेलेल्या कॅडिलॅक गाड्या जुन्या मोटारींच्या शौकिनांत आजही वेगळ्या ओळखल्या जातात. कंपनीनं पुढे विलो रन इथला कारखाना घेतला, जिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं बी-२४ बॉम्बर विमानं बांधली होती, आणि काही आठवड्यांत हायड्रामॅटिक पुन्हा निघू लागला.

कंपनीनं केलं ते उद्यमनगरातल्या मिस्त्रीला करायचं असतं, नकाशाशिवाय.

आपल्या रस्त्यांवरचं उदाहरण घ्यायचं तर होंडा सिटीचं घेता येईल. नाव एकच, पण २००३च्या पिढीत बिनक्लचच्या गाडीला सीव्हीटी होता, म्हणजे ठरावीक गिअर नाहीतच, दोन पुली आणि मध्ये पोलादी पट्टा. २००८ला आलेल्या पिढीत पाच गतींचा ऑटोमॅटिक होता. २०१४ला पेट्रोल गाडीत पुन्हा सीव्हीटी आला. हे दोन सीव्हीटी तरी एक असतील असं वाटावं, तर पहिल्यात गाडी सुटताना तेलात बुडालेला एक क्लच काम करी आणि दुसऱ्यात त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर. तेव्हा ‘सिटीचा गिअरबॉक्स हवा’ एवढं म्हणून भागत नाही. साल सांगूनही पुष्कळदा भागत नाही, कारण कारखाना बदल करतो तो एक जानेवारीची वाट पाहून करत नाही. अमेरिकेत तर पुढच्या सालाचं मॉडेल आदल्या वर्षीच विक्रीला येतं. खात्रीची गोष्ट एकच, गिअरबॉक्सच्या अंगावरचा कोड. तो आपल्या डब्यावरून उतरवून घ्यावा, मळ खरवडून, फोटो काढून, आणि मगच बाजारात पाऊल टाकावं.

तेलाचं तसंच. ऑटोमॅटिकचं तेल म्हणजे लाल तेल, अशी एक समजूत आहे. फोर्डचं वेगळं, जनरल मोटर्सचं वेगळं, टोयोटानं टी-फोर सोडून डब्ल्यूएस घेतलं, होंडानं झेड-वन सोडून डीडब्ल्यू-वन घेतलं, आणि सीव्हीटीचं तर अगदीच निराळं. हे तेल नुसतं वंगण नाही. चकत्या किती घट्ट धराव्यात, पट्टा किती सरकू द्यावा, हे त्याच्या गुणावर ठरतं. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल ओतणं म्हणजे पैसे ओतणं. शिवाय पातळी पाहण्याची रीतही निरनिराळी. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू असताना काठी बघायची, होंडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच. गिअरबॉक्स दुसऱ्या सालाचा घेतला, तर तेल त्या डब्याच्या सालाचं. यावर गॅरेजमध्ये वाद होतात, ते पुष्कळ ऐकलेत मी.

अलीकडच्या गाड्यांत आणखी एक कुलूप आलं आहे. टोयोटाच्या काही गिअरबॉक्सवर एक लांबलचक आकडा चिकटवलेला असतो, आतल्या झडपांची कारखान्यात मोजलेली प्रकृती त्यात नोंदवलेली असते. नवा डबा लावला की तो आकडा गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावा लागतो. हे एक वेळ समजू शकतं. पण मर्सिडीजच्या सात गतींच्या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर डब्याच्या आतच बसवलेला आणि चोरी रोखण्यासाठी मूळ गाडीशी बांधलेला असतो. तोच गिअरबॉक्स तशाच दुसऱ्या गाडीत घातला, तर तो ओळख दाखवत नाही. चोराला अडवण्याचा हेतू चांगला आहे, पण कुलूप चोरासाठी लावलं तरी अडतो तो मिस्त्री. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ आणि २०२० असा दोनदा कौल दिला की, दुरुस्तीला लागणारी माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू झालं. उद्यमनगरात त्याची झुळूक पोचायची आहे.

आमच्या ओळखीच्या एका मास्तरांची गाडी या कुलपांच्या आधीची, म्हणून वाचली. ती हकिगत सांगतो. मास्तर गणिताचे, निवृत्त. लहानपणी पोलिओ झाल्यानं डाव्या पायात जोर नाही. २००७ सालची चार गतींची ऑटोमॅटिक गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली होती. आपल्यासारख्याला ऑटोमॅटिक ही चैन वाटते. मास्तरांना तिच्यामुळे वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा एकट्यानं गावाबाहेर जाता आलं. दोन वर्षांपूर्वी ती दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना घसरू लागली. इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. काठीवरचं तेल काळं आणि करपलेला वास. अधिकृत वर्कशॉपनं नव्या गिअरबॉक्सचा आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता. ‘गाडी काढून टाका’ असा सल्लाही मिळाला. मास्तर रिक्षानं फिरू लागले. रिक्षावाला हात धरून उतरवायचा, ते त्यांना सोसत नसे. बोलले नाहीत कधी, पण बाहेर पडणं कमी झालं.

मामेभावानं कुर्ल्याहून गिअरबॉक्स मिळवला, २०१०च्या गाडीचा. बोल्टची भोकं जुळली. मास्तर स्टुलावर बसून होते, त्यांचा चेहरा उजळला. हा मात्र म्हणाला, ‘मास्तर, बसायला काय, बसतोय की. पण जुळल्याबिगर मी पैशाचं नाव काढणार नाही.’ जुन्याच्या प्लगला आठ पिना होत्या, नव्याच्या प्लगला दहा.

मग दोन्ही डबे उघडले. नाहीतरी सगळी सीलं बदलायचीच होती. तळाच्या ट्रेमध्ये एक लोहचुंबक असतं. नव्या डब्याच्या चुंबकावर राखाडी बारीक लगदा होता. तेवढा चालतो, तो झिजेचा. जुन्याच्या चुंबकावर कपच्या होत्या. व्हॉल्व्ह बॉडीखाली भोकांचा एक पत्रा असतो, तेलाच्या वाटा त्यातून जातात. भावानं दोन्ही सालांचे पत्रे एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. जिथे भोक जुळतं तिथून उजेड येतो. सगळीकडून आला. म्हणजे डबा नवा ठेवून व्हॉल्व्ह बॉडी, झडपा, वायर आणि सेन्सर जुने वापरता येणार होते. जुनी व्हॉल्व्ह बॉडी दोन दिवस सुटी करून धुतली, कारण जळक्या चकत्यांची भुकटी तिच्या बोगद्यांत होती.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियलही गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. त्याचे दाते सालागणिक वेगळे असू शकतात, आणि तसे असले तर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. दाते मोजायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. खडूनं खूण करून त्यांनी दोन्ही जोड्या दोन-दोनदा मोजल्या. लहान चक्राला सतरा, मोठ्याला सत्तर, दोन्हीकडे तेच. वहीच्या पानावर भागाकार केला, चार दशांश स्थळांपर्यंत.

चढवताना खरी कसोटी कन्व्हर्टरची. तो गिअरबॉक्सच्या तोंडात ढकलत, फिरवत बसवावा लागतो आणि त्या गाडीत तो तीनदा ‘खट्’ करून आत जातो. दोनदाच झालं आणि घाईनं बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटतो. चांगल्या गिअरबॉक्सचा पहिल्याच दिवशी निकाल लागतो तो असा. भावानं तिसरा ‘खट्’ ऐकला, तरी स्टीलची पट्टी लावून खोली मोजली. तेल थंड करणारा रेडिएटरमधला कूलर त्यानं बदलूनच टाकला. जुन्या डब्याच्या कपच्या त्यात अडकून राहतात आणि नव्याच्या पोटात जातात. हा खर्च लोक टाळतात आणि मग कुर्ल्याच्या नावानं बोटं मोडतात.

चाचणी पन्हाळ्याच्या घाटात झाली. मास्तर स्वतः चालवत होते, भाऊ शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, मी मागे. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात गेल्याचं फक्त आवाजावरून कळलं. मोबाइलवरचा वेग आणि काट्यावरचा वेग एकच. थंड असताना रिव्हर्स किंचित उशिरा पडतो, तेवढं राहिलं आहे. भावाला ते अजून खटकतं, मास्तरांना नाही.

आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो, चासीचा असतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. गिअरबॉक्सचा नंबर त्यात नसतो, तेव्हा मास्तरांच्या गाडीच्या कागदांवर यातलं काहीच नाही. डबा चढवण्याआधी भावानं पांढऱ्या रंगानं त्याच्या अंगावर लिहिलं होतं, ‘डबा २०१०. व्हॉल्व्ह बॉडी, वायर, सेन्सर २००७.’ खाली तेलाचं नाव आणि तारीख. हे कुणासाठी, म्हणून मी विचारलं. ‘माझ्यामागं जो गाडीखाली झोपंल त्याच्यासाठी,’ तो म्हणाला आणि रंग वाळायच्या आत त्यानं दोनाचा पुसट झालेला आकडा पुन्हा गिरवला.